गंधक, मळी, अमोनिया: कोल्हापूरचे कारखाने आणि गळती रोखण्याची रचना

कारखान्यातून घातक वायू किंवा द्रव बाहेर पडू नये, आणि पडलाच तर फार दूर जाऊ नये, यासाठी इमारत, यंत्रे, टाक्या आणि नळ यांची मांडणी कशी करावी हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याचा इतिहास बहुधा मोठ्या दुर्घटनांच्या नावांनी सांगितला जातो: फ्लिक्सबरो, सेव्हेसो, भोपाळ. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर चेंबूर, अंबरनाथ, रसायनी, तारापूर, लोटे ही नावे पुढे येतात. कोल्हापूर या यादीत सहसा नसते. येथे गूळ, साखर, दूध, बिडाचे ओतकाम आणि शेजारच्या इचलकरंजीत कापड, असे शेती आणि कारागिरीतून वाढलेले धंदे आहेत. मात्र यातल्या जवळजवळ प्रत्येक धंद्याच्या पोटात एखादे जहाल रसायन दडलेले आहे. साखर कारखान्यात गंधक जळते, दूध संघाच्या शीतगृहात अमोनिया फिरतो, कापड प्रक्रियेत आम्ल आणि ब्लीचिंगचे द्रावण शेजारी शेजारी राहतात, आसवनीत लाखो लिटर अल्कोहोल साठते. स्वतःला रसायन उद्योग न म्हणवणाऱ्या उद्योगांनी हे सगळे कसे सांभाळले, हा कोल्हापूरच्या औद्योगिक इतिहासातला कमी लिहिला गेलेला भाग आहे.

सुरुवात गुळापासून करावी लागते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काचा बाजार मिळाला. गुऱ्हाळघराची बांधणी साधी असे: बाजूंनी मोकळे छप्पर, जमिनीत खणलेले चुलवाण, त्यावर काहील आणि शेजारी चरक. रस निवळण्यासाठी भेंडीच्या खोडाचा चिकट रस आणि चिमूटभर चुना घातला जाई. यातले काही सांडले तरी शेजाऱ्याला त्याची बाधा होणार नव्हती. भीती होती ती उकळत्या काहिलीची आणि चरकात हात सापडण्याची. पुढे गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे बाजारातले ‘हायड्रोस’, गुऱ्हाळांत शिरले आणि शेतातल्या छपराखाली पहिल्यांदा एक खरे धोकादायक रसायन आले. हायड्रोसच्या भुकटीला थोडी ओल लागली की ती आपोआप तापू लागते, सल्फर डायऑक्साइडचा उग्र वायू सोडते आणि भोवतीचे गोणपाट पेटवू शकते. गुळात हायड्रोसचा अंश किती राहतो यावर पुष्कळ वाद झाले. हंगाम संपल्यावर अर्धा उरलेला डबा पावसाळाभर कोणत्या भिंतीशी पडून असतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. कोरडी जागा, जमिनीपासून उंची आणि घट्ट झाकण एवढीच रचना येथे पुरते. तीही पुष्कळदा नसते.

साखरेचा प्रवेश झाला तो १९३० च्या दशकात. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयात जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशभर साखर कारखाने झपाट्याने उभे राहिले. त्याच दशकात कसबा बावड्याला पंचगंगेच्या परिसरात कोल्हापूर शुगर मिल्स सुरू झाली. आजचा छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना तो हाच. जागा निवडताना त्या काळच्या कारखानदारांपुढे तीन गोष्टी असत: ऊस किती जवळ आहे, पाणी किती जवळ आहे आणि माल हलवायला रस्ता आहे का. वारा कोणत्या दिशेने वाहतो, पुराचे पाणी कुठवर येते, सांडलेला द्रव उताराने कुठे जाईल, हे प्रश्न जागेच्या निवडीत गौण होते. नदीकाठ सोयीचा होता आणि सोय हाच निकष होता. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या निवडीत सापडते.

पांढरी साखर तयार करण्याची भारतात रूढ झालेली पद्धत दुहेरी सल्फिटेशनची आहे. उसाच्या तापवलेल्या रसात चुन्याचे दूध आणि सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात. रसातला मळ साका होऊन खाली बसतो आणि रंग उतरतो. पुढे आटवलेल्या पाकाला पुन्हा एकदा हा वायू देतात. सल्फर डायऑक्साइड हवेच्या दुपटीहून जड असतो, जमिनीलगत पसरतो आणि डोळे, घसा व फुप्फुसे जाळतो. तरीही साखर कारखान्यात या वायूची टाकी कुठेच नसते. कारखाना गंधकाचे खडे पोत्यांतून विकत घेतो, भट्टीत जाळतो आणि तयार झालेला वायू लगेच रसात शोषला जातो. एका टन उसामागे साधारण अर्धा किलो गंधक लागते. भट्टीपासून रसाच्या टाकीपर्यंतच्या नळात जेवढा वायू असेल तेवढाच कोणत्याही क्षणी कारखान्यात अस्तित्वात असतो. भट्टीला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद केला की गंधकाचे जळणे मंदावते आणि वायू आटतो.

रसायन सुरक्षेच्या शास्त्रात ही रचना आज आदर्श मानली जाते. १९७४ मध्ये इंग्लंडमधील फ्लिक्सबरोच्या कारखान्यात सायक्लोहेक्झेनची गळती होऊन स्फोट झाला आणि २८ माणसे मेली. त्यानंतर ब्रिटिश रसायन अभियंता ट्रेव्हर क्लेट्झ याने १९७७ च्या एका व्याख्यानात असे मांडले की घातक पदार्थ साठवून मग त्यावर झडपा, भोंगे आणि पहारे बसवण्यापेक्षा तो साठवूच नये. जे जवळ नाही ते गळणार नाही. सात वर्षांनी भोपाळमध्ये नेमके उलटे घडले. मिथाइल आयसोसायनेट हा मधल्या टप्प्यावरचा पदार्थ होता. तो लागेल तसा तयार करून तिथल्या तिथे वापरता आला असता. तरी ज्या टाकीतून तो बाहेर पडला तिच्यात सुमारे ४० टन साठा होता. क्लेट्झचे तत्त्व कसबा बावड्याच्या गंधकभट्टीत आधीपासून होते, यात कोल्हापूरच्या अभियंत्यांची दूरदृष्टी मात्र शोधू नये. गंधकाचे पोते स्वस्त होते, द्रवरूप वायूचे सिलिंडर महाग होते, एवढेच त्याचे कारण. सुरक्षित रचना बऱ्याचदा काटकसरीतून आलेली असते.

भट्टीचे दोष नव्हते असे नाही. जुन्या पद्धतीत भट्टी थांबवून, झाकण उघडून नवे गंधक भरावे लागे. त्या वेळी वायू थेट कामगाराच्या तोंडावर येई आणि बॉयलिंग हाऊसमध्ये पसरे. म्हणून भट्ट्या जोडीने बसवत. एक भरताना दुसरी चालू राही. हवेत ओल असेल तर वायूचे सल्फ्युरिक आम्ल बनून लोखंडी नळ आतून खात जाई. त्यावर उपाय म्हणून भट्टीत जाणारी हवा कळीच्या चुन्यावरून नेऊन कोरडी करत, आणि वायू भट्टीबाहेर पडताच पाण्याच्या आवरणाने थंड करत. नळाचा सडलेला सांधा हीच या विभागातली खरी गळतीची जागा. तिचा इशारा कोणतेही उपकरण देत नसे, खोकला देई. पुढे वितळवलेले गंधक सतत आत सोडणाऱ्या बंद भट्ट्या आल्या आणि उघडझाकीचा प्रश्न बराचसा मिटला. न शोषलेला वायू छपराच्या वर सोडणारा नळ हा या रचनेचा शेवटचा भाग. तो किती उंच असावा यावर कामगारांचे आणि शेजाऱ्यांचे हित नेहमीच एक असते असे नाही.

या काळात कायद्याची स्थितीही पाहण्यासारखी आहे. कोल्हापूर हे संस्थान होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि बरोबर एका महिन्याने, १ एप्रिल १९४९ पासून, कारखाने अधिनियम १९४८ अमलात आला. या कायद्यात बंदिस्त टाकीतील विषारी वायूविषयी आणि ज्वलनशील धूळ व वायूविषयी कलमे होती. पण त्यांचा रोख कारखान्याच्या आतल्या माणसावर होता. कुंपणाबाहेर काय जाते याविषयी हा कायदा जवळजवळ गप्प होता आणि ते मौन पुढे जवळपास चाळीस वर्षे टिकले.

कुंपणाबाहेर सर्वांत आधी गेली ती मळी, म्हणजे मोलॅसिस. साखर वेगळी काढल्यावर उरणारा हा काळा, दाट द्रव १९३० च्या दशकात कारखान्यांना नकोसा झाला होता. देशात साखर कारखाने वाढले, पण मळी वापरणाऱ्या आसवन्या त्या मानाने नव्हत्या. अनेक ठिकाणी ती मातीच्या उघड्या खड्ड्यांत साठवली जाई. खड्ड्याच्या तळातून ती विहिरींत झिरपे आणि पावसाळ्यात ओसंडून ओढ्याला मिळे. मळी विषारी नाही, जनावरेही ती खातात. पण नदीत पडली की तिच्यातली साखर खाणारे सूक्ष्मजीव पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरून मरतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच दिसला की कोल्हापूरकर आजही आधी मळीचेच नाव घेतात.

खड्ड्यांची जागा पोलादी टाक्यांनी घेतली. १९६१ च्या मोलॅसिस नियंत्रण आदेशाने मळी हा मोजून, सांभाळून ठेवण्याचा माल झाला. सरकारला अल्कोहोलचा महसूल हवा होता, नदीची काळजी हे त्या आदेशाचे निमित्त नव्हते. तरी परिणाम नदीच्या बाजूने झाला. मोठ्या टाकीने मात्र नवे प्रश्न आणले. अमेरिकेतील बोस्टन शहरात १५ जानेवारी १९१९ रोजी मळीची टाकी फुटून आलेल्या लोंढ्यात २१ जण मेले होते. मळी पाण्याच्या सुमारे दीडपट जड असते, त्यामुळे पाण्यासाठी ठीक वाटणारा पत्रा मळीसाठी अपुरा पडतो. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी की गरम भरलेली मळी टाकीत स्वतःहून तापत जाते. तापमान वाढले की आतल्या घटकांची आपसांत प्रक्रिया सुरू होते, त्यातून आणखी उष्णता निघते, फेस उसळतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात टाकी ओतू जाते किंवा आतला सगळा माल जळल्यासारखा काळा घट्ट होऊन बसतो. म्हणून मळी टाकीत जाण्याआधीच थंड करणे, टाकीवर बाहेरून पाण्याचे फवारे सोडणे, आतली मळी पंपाने वरखाली फिरवत ठेवणे, वेगवेगळ्या उंचीवर तापमापक बसवणे आणि फेसासाठी वर मोकळी जागा राखणे या गोष्टी रूढ झाल्या. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमला स्टायरीनच्या टाकीतून वायू सुटून १२ जण मेले. तेथेही मूळ कारण हेच होते: स्वतःहून तापणारा पदार्थ, टाळेबंदीत बंद पडलेले काम आणि थंडावा राखण्यातली ढिलाई. मळीची वाफ स्टायरीनसारखी मारत नाही, एवढाच दिलासा.

साखर सहकाराचा विस्तार १९५० च्या दशकापासून झाला. तात्यासाहेब कोरे यांचा वारणेचा कारखाना, रत्नाप्पा कुंभार यांचा पंचगंगा कारखाना, पुढे बिदरी, शिरोळ, कागल अशी मालिका उभी राहिली आणि अनेकांच्या जोडीला आसवनी आली. आसवनीत मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर तांबडाकाळा स्पेंट वॉश निघतो आणि त्याची प्राणवायू शोषण्याची ताकद घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट असते. तो साठवायला खोदलेली तळी हीच पुढची गळतीची जागा झाली. मातीची तळी गेली, प्लॅस्टिकचे अस्तर आणि काँक्रीट आले. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांशी केलेल्या जबाबदारीच्या सनदेने आसवन्यांना नदीत थेंबही न सोडण्याच्या दिशेने ढकलले. आता स्पेंट वॉश आटवून बॉयलरमध्ये जाळण्याकडे कल आहे. आंबवणीच्या टाक्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हा आणखी एक दुर्लक्षित वायू. जेवढे अल्कोहोल, वजनाने जवळजवळ तेवढाच हा वायू. तो जड, निर्गंध आणि खड्ड्यात साचणारा आहे. टाकी धुण्यासाठी आत उतरलेला माणूस आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसरा, असे जोडीचे मृत्यू देशभर या प्रकारच्या कामांत घडत आले आहेत. टाकीला माणूस आत न पाठवता धुता येईल अशी फवारणी बसवणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. परवाना पद्धत आणि दोर हे नंतरचे.

दुधाने अमोनिया आणला. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ मध्ये स्थापन झाला आणि ‘गोकुळ’ नावाने घराघरांत पोचला. वारणेचा दूध संघ त्याच दशकातला. गावोगावच्या गोठ्यांतून येणारे कोमट दूध चार अंशांपर्यंत थंड करायचे तर अमोनियाएवढे स्वस्त आणि कार्यक्षम शीतक दुसरे नव्हते, आजही नाही. द्रव अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. नळ तुटला की तो सुमारे साडेआठशे पट फुगून वायू होतो. वायू म्हणून तो हवेपेक्षा हलका, पण गळतीच्या वेळी थेंबांनी आणि गारठ्याने जड झालेला पांढरा ढग जमिनीलगत सरकतो. त्याचा एक गुण मात्र उपकारक आहे: अतिशय थोड्या प्रमाणातही त्याचा वास सहन होत नाही, त्यामुळे माणूस पळतो.

अमोनियाच्या यंत्रगृहाची रचना या गुणदोषांतून घडली. यंत्रगृह माणसांच्या वावरापासून वेगळे, छताजवळ मोठे झरोके, दारे बाहेर उघडणारी. तांबे आणि पितळ यांना अमोनिया खातो म्हणून नळ आणि झडपा पोलादाच्या. साठवण पात्रावर दोन सुरक्षा झडपा, म्हणजे एक दुरुस्तीला काढली तरी दुसरी हजर. द्रवाची मुख्य झडप अशा जागी की ढग आलेला असतानाही तिच्यापर्यंत पोचता यावे. दाराशी पाण्याचा पडदा, कारण पाणी अमोनियाचा ढग अधाशीपणे शोषते. पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारायचे नाही. पाण्याच्या उष्णतेने तो आणखी वेगाने उकळतो. या धंद्यातल्या गळत्या बहुधा मोठे पात्र फुटून होत नाहीत. कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांतून खाली साचते, ते अधूनमधून काढावे लागते आणि तेल काढताना झडप उघडी ठेवून कामगार क्षणभर बाजूला गेला की तेलामागोमाग अमोनिया येतो. म्हणून तेथे हात सोडताच आपोआप मिटणारी झडप बसवतात. अमोनिया आणि क्लोरिन यांच्या सुरक्षेविषयी भारतीय मानके १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातच निघाली होती. कागद भोपाळच्या आधीच तयार होता, त्याची सक्ती नंतर आली.

दूध संकलनाच्या रचनेत पुढे झालेला एक बदल सुरक्षेच्या दृष्टीने विशेष आहे, जरी तो सुरक्षेसाठी केलेला नव्हता. गावातच दूध थंड करणारे छोटे बल्क कूलर आले. त्यांत अमोनिया नसतो, विषारी नसलेला दुसरा शीतक असतो. म्हणजे वस्तीतल्या संकलन केंद्रावरून अमोनिया हटला आणि औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या प्रकल्पापुरता उरला. मोठ्या प्रकल्पांतही यंत्रगृहाबाहेर अमोनिया न नेता थंड पाणी किंवा ग्लायकॉल फिरवण्याची आणि चपट्या पत्र्यांचे उष्णता विनिमयक वापरून अमोनियाचा एकूण भार कमी करण्याची पद्धत वाढत आहे. गंधकभट्टीत योगायोगाने साधलेले तत्त्व येथे ठरवून वापरले गेले.

इचलकरंजीची गोष्ट वेगळी आहे. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या जहागिरीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला, मागांमागून रंगाई आणि ब्लीचिंगचे कारखाने आले. तेथे एका आवारात सोडियम हायपोक्लोराइट आणि आम्ल दोन्ही लागतात. हायपोक्लोराइटने कापड पांढरे होते, आम्लाने उरलेला अल्कलीचा अंश मारला जातो. कापडावर ते एकामागून एक येतात. टाकीत ते एकत्र आले तर क्लोरिन वायू निघतो, हवेच्या अडीच पट जड. अमेरिकेत कॅन्ससमधील ॲचिसन येथे २१ ऑक्टोबर २०१६ रोजी टँकरचालकाने सल्फ्युरिक आम्लाचा नळ चुकून हायपोक्लोराइटच्या तोंडाला जोडला आणि १४० हून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. दोन्ही तोंडे एकमेकांशेजारी होती आणि दिसायला सारखी होती. उपाय स्वस्त आहे: दोन्ही टाक्यांच्या तोंडांचे आकार वेगळे ठेवावेत म्हणजे चुकीचा नळ बसणारच नाही, तोंडे आवाराच्या दोन टोकांना न्यावीत आणि दोन टाक्यांभोवती एकच बांध न घालता दोन वेगळे बांध घालावेत. लहान कारखान्यात जागा वाचवण्यासाठी नेमका हा शेवटचा नियम मोडला जातो. शिवाय हायड्रोस येथेही आहेच, रंगाईत.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत यांनी शिवाजी उद्यमनगरातली दाटी शहराबाहेर नेली. वस्ती आणि कारखाना यांत अंतर ठेवणे ही गळती मर्यादित ठेवण्याची सर्वांत जुनी युक्ती आहे आणि सर्वांत लवकर निष्फळ होणारीही. कारण रोजगाराच्या मागे घरे येतात आणि अंतर भरून निघते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांनी कोक जाळणारा कुपोला बाजूला सारून विजेच्या इंडक्शन भट्ट्या घेतल्या, तेव्हा कुपोलाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही गेला. मात्र वाहन उद्योगाला लागणारे काटेकोर गाभे बनवण्यासाठी कोल्ड बॉक्स पद्धत आली. तिच्यात वाळूला लावलेली राळ अमाइनच्या वाफेने घट्ट करतात आणि उरलेली वाफ आम्लाच्या फवाऱ्यात धुऊन बाहेर सोडतात. त्या राळेचा एक घटक आयसोसायनेटच आहे, म्हणजे भोपाळच्या वायूचाच नातेवाईक. पण हा जड रेणूंचा, साध्या तापमानाला जवळजवळ न उडणारा प्रकार आहे. एकाच कुळातला कमी उडणारा पदार्थ निवडणे ही देखील रचनाच.

भोपाळच्या २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीने कायदा कुंपणाबाहेर आणला. त्या कारखान्यात संरक्षणाचे थर कागदावर बरेच होते. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, ज्वाळेत वायू जाळणारा मनोरा जोडलेला नव्हता आणि पाण्याचे फवारे वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोचत नव्हते. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातलेले धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण, १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आणि १९९६ चे रासायनिक अपघातांविषयीचे नियम आले. धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फाउंड्र्या, आसवन्या आणि कातडी कमावण्याचे उद्योगही आहेत. म्हणजे स्वतःला रसायन उद्योग न मानणारे कोल्हापूर कायद्याने त्या यादीत आले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आणि कारखान्याबाहेरचा आराखडा ही तरतूदही त्यातलीच. १९८९ च्या नियमांनी साठ्याची उंबरठा मर्यादा ठरवली: स्वतंत्र साठ्यासाठी क्लोरिन १० टन, अमोनिया ६० टन. येथे एक फट राहते. काही टन अमोनिया बाळगणारा प्रकल्प उंबरठ्याखाली राहतो, पण गळतीच्या ढगाला उंबरठा ठाऊक नसतो.

जागेच्या निवडीसाठी कायद्याने समिती नेमली, तरी लोकांचा शब्द उशिरा विचारात येतो. चंदगड तालुक्यात हलकर्णी औद्योगिक वसाहतीतील एव्हीएच या रसायन प्रकल्पाला परिसरातील लोकांनी केलेला तीव्र विरोध हे जिल्ह्यातले त्याचे ठळक उदाहरण आहे. पाणी, शेती आणि काजूच्या बागा यांच्या शेजारी असा प्रकल्प असावा का, हा वाद जागा ठरल्यानंतर रस्त्यावर लढला गेला. नकाशावर तो आधी लढला गेला असता तर दोन्ही बाजूंचा खर्च वाचला असता.

गेल्या दोन दशकांत साखर पट्ट्यातला सर्वांत मोठा बदल इथेनॉलचा आहे. २००३ पासून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे सुरू झाले. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मळी, म्हणजे साखर पूर्ण न काढता वेगळी केलेली मळी, आणि थेट उसाच्या रसापासूनही ते बनू लागले. आसवन्यांची क्षमता वाढली, टाक्या वाढल्या आणि गंधकभट्टीच्या उलट दिशेने कारखाना पुन्हा मोठ्या साठ्याकडे गेला. शुद्ध इथेनॉल सुमारे १३ अंशांना पेट घेण्याइतकी वाफ देते. कोल्हापुरात थंडीतल्या पहाटेही पारा क्वचितच त्याखाली जातो. पेट्रोलच्या टाकीत द्रवावरची वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेटत नाही. इथेनॉलच्या टाकीतली वाफ नेमकी पेटण्याजोग्या प्रमाणात असते. म्हणून टाकीच्या श्वासनळीवर ज्वाला रोखणारी जाळी, आत तरंगते छत किंवा नायट्रोजनचे आच्छादन, भूयोजन आणि सर्वांत मोठी टाकी पूर्ण फुटली तरी द्रव मावेल एवढा बांध लागतो. साधा फोम इथेनॉल विरघळवून टाकते, त्यामुळे अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम ठेवावा लागतो.

या रचनेची कसोटी कोल्हापुरात पाणी घेते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. पावसात भरून राहिलेला बांध म्हणजे बांध नसल्यासारखाच. त्यातून पाणी काढणारी झडप एरवी मिटलेली आणि बाहेरून चालवता येणारी हवी. बांधाच्या आत पुराचे पाणी चढले तर आणखी एक पेच येतो: इथेनॉल पाण्याहून हलके असल्याने भरलेली टाकीसुद्धा पुरेशा खोल पाण्यात उचलली जाऊ शकते आणि नळ तोडून तरंगू लागते. पायाला बोल्टांनी जखडणे हा त्याचा उपाय, आणि तो टाकी बांधतानाच करावा लागतो. अमेरिकेत टेक्ससमधील क्रॉस्बी येथे ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या पुराने कारखान्याची वीज आणि जनरेटर दोन्ही बुडवले, थंड ठेवावी लागणारी पेरॉक्साइडे तापली आणि पेटली. अमोनियाचे कॉम्प्रेसर, अग्निशमनाचे पंप, मळी थंड ठेवणारे पंप हे सारे विजेवर चालतात. जनरेटर तळमजल्यावर असेल तर पुरात संरक्षणाचे सगळे थर एकदम जातात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला होता. कोल्हापुराहून बंब येईल हे अशा वेळी गृहीत धरता येत नाही. त्यामुळे पूररेषेजवळच्या कारखान्यात फोमचा साठा, पंपाचे डिझेल, हायड्रोस ठेवण्याची उंच कोरडी खोली आणि झडपा ओळखणारी प्रशिक्षित माणसे ही चारही पावसाळ्यापूर्वीच आवारात असावी लागतात.